यसलमच्या गाडीची सोंड

मित्रांनो, मी एक सोंड आहे. हत्तीची नव्हे, गाडीची. दूर वाळवंटी मुलखातल्या हद्रमौत नावाच्या दरीत मधमाश्या पाळणारा यसलम नावाचा माणूस राहतो. त्याच्या जुन्या पिकअप गाडीच्या उजव्या मडगार्डमधून मी बाहेर पडते, काचेच्या कडेने वर चढते आणि टपाच्याही वर वीतभर डोके काढून उभी राहते. इंजिनाला लागणारी हवा वरून घ्यायची आणि खाली पोचवायची, एवढेच माझे काम. माझा रंग उडाला आहे, अंगावर पोचे आहेत, आणि माझ्या सांध्यांवरचे वेल्डिंग इतके ओबडधोबड आहे की लहान मुले त्यावरून बोट फिरवून हसतात. हसू द्या. त्या प्रत्येक गाठीची मला आठवण आहे.

आधी मी सोंड नव्हते. एका विहिरीवरच्या डिझेल पंपाला जोडलेली लोखंडी नळी होते. मालकाने उन्हावर चालणारा नवा पंप आणला, त्याला नवे काळे पाइप लागले आणि मला भिंतीकडेला टाकून दिले. माझ्या पोटात पाली राहू लागल्या. आपले आयुष्य संपले असे मी धरूनच चालले होते.

त्याच सुमारास दरीत एक वाईट गोष्ट घडली. मी ती पाहिली नाही, पण विहिरीवर पाण्याला येणाऱ्या बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की पाहिल्यासारखीच वाटते.

यसलम आणि त्याचा चुलतभाऊ मबखूत, दोघे मिळून मधाचा धंदा करत. मधपेट्या मबखूतच्या, गाडी यसलमची. बोरीची झाडे जिथे फुलतील तिथे पेट्या न्यायच्या, मध निघाला की परत आणायच्या. त्या पेट्यांतल्या माश्यांचा वंश मबखूतच्या आजोबांपासून चालत आला होता. एके दिवशी यसलम सगळ्या पेट्या गाडीत घालून नदीचे पात्र ओलांडत होता. पात्र कोरडे असते म्हणून तर तिथून रस्ता गेला आहे. पण वर डोंगरात पाऊस झाला होता. लोंढा आला तेव्हा गाडी मधोमध होती. पाणी फार खोल नव्हते, गाडीच्या दिव्यांपर्यंतच होते. पण हवा ओढणारे तोंड तिथेच, दिव्यामागे होते. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, एक आचका दिला आणि ते बंद पडले. मग पाणी वाढले. यसलम पोहत काठाला लागला. पेट्या एकेक करून वाहून गेल्या. ज्या माश्या आधीच उडाल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत त्या गढूळ पाण्यावर घिरट्या घालत राहिल्या.

त्या दिवसापासून मबखूत यसलमशी बोलेनासा झाला. त्याने मधमाश्यांचे नाव टाकले, गावाच्या तोंडाशी एक छपरी उभारली आणि दारे-खिडक्या जोडायचे वेल्डिंगचे दुकान काढले. पाणी ओसरल्यावर यसलमने चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढली, हातापाया पडून इंजिन दुरुस्त करून घेतले, दुसऱ्याकडून थोड्या पेट्या आणल्या आणि एकट्याने काम सुरू केले. पण पाण्याजवळ आला की तो गाडी थांबवायचा आणि नुसता बसून राहायचा. त्याची बायको तुफाहा हे पाहत होती. एक दिवस ती म्हणाली, “असं किती दिवस काठावर बसणार आहात? नाहीतर गाडी विका आणि उंट घ्या. उंटाचं नाक तरी वर असतं.”

ती चिडून बोलली होती, पण यसलम ते ऐकून उठूनच उभा राहिला. “खरंच की,” तो म्हणाला. “नाक वर पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर आला. माझ्यात फुंकर मारून त्याने पाली हुसकल्या, मालकाला विचारले आणि मला खांद्यावर टाकले. आता प्रश्न होता जोडणार कोण. आसपास वेल्डिंग करणारा एकच माणूस होता, आणि तो मबखूत.

मबखूतच्या दुकानाच्या दाराशी एक तांबडी शेळी बांधलेली असे. यसलम आत आला तेव्हा मबखूतने मान वर करून पाहिले आणि तोंड शेळीकडे वळवले.

“विचार गं त्याला, काय काम काढलंय.”

यसलम गोंधळला. मग तोही शेळीकडे वळला. “सांग त्याला, गाडीला वरून हवा घ्यायची नळी करायची आहे. पाण्यात इंजिन गुदमरू नये म्हणून.”

मबखूतने हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. मग म्हणाला, “त्याला म्हणावं, हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.”

“सांग त्याला, खरं आहे.”

मबखूतने मला हातात घेतले, डोळ्याला लावून आरपार पाहिले, बोटाने गंज खरवडला. मला वाटले, आता हा मला रस्त्यावर फेकणार. पण त्याने मला दुकानात नेऊन मेजावर ठेवले. “विचार त्याला, गाडी कुठं आहे,” तो शेळीला म्हणाला.

अशा तऱ्हेने माझी घडण सुरू झाली. मबखूतने करवतीने मला तिरपे कापले आणि तुकडे कोनात जुळवून पुन्हा जोडले. त्यामुळे मला दोन वळणे आली. एक मडगार्डमधून बाहेर येण्यासाठी, दुसरे काचेच्या बाजूने वर जाण्यासाठी. ठिणग्या उडत होत्या, अंग तापून लाल होत होते. दुखले का, असे विचाराल तर दुखले. पण भिंतीकडेला पडून राहण्याचे दुखणे याहून मोठे होते.

आतून वेल्डिंगचे बारीक थेंब चिकटून राहिले होते. मबखूतने एका साखळीला फडके गुंडाळून ती माझ्यातून पुन्हा पुन्हा ओढली. “त्याला सांग, यातला एक खडा जरी इंजिनात गेला, तर पाण्याची गरजच नाही. कोरड्यातच मरेल ते.”

मडगार्डला भोक पाडायची वेळ आली तेव्हा यसलमने डोळे मिटून घेतले. गाडीचा तेवढाच पत्रा धड उरला होता. मबखूत ग्राइंडर हातात घेऊन थांबला. “विचार त्याला, नाकपुडी भोकाशिवाय करता येते का?”

एवढ्यात तुफाहा दोघांसाठी भात आणि सुकी मासळी घेऊन आली. दाराशी उभी राहून तिने थोडा वेळ हा प्रकार ऐकला. मग शेळीपुढे थोडा पाला टाकत म्हणाली, “खा बाई, तुझ्यावर फार काम पडलंय. दोन दाढीवाल्यांचा एकटीनं निरोप वाहायचा म्हणजे काय चेष्टा आहे? अशानं दूध आटेल तुझं.”

मबखूत हसला नाही, पण त्याची दाढी हलली. यसलमने डोळे उघडले आणि ग्राइंडर सुरू झाला.

मला बोल्टने पक्के बसवले. बॉनेटखाली माझे खालचे टोक फिल्टरच्या डब्याला जोडायचे होते. त्यासाठी मबखूतने टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. डोक्यावर दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा वाकवून टोपी बसवली. यसलमने गाडी सुरू केली. माझ्यातून पहिल्यांदाच हवा धावली. आजवर माझ्या पोटातून फक्त पाणी गेले होते. हवेचा तो स्पर्श इतका हलका होता की मी आतून थरथरले.

“सांग त्याला, टोपी काढून तोंडावर तळहात दाब,” मबखूत म्हणाला.

यसलम टपावर चढला आणि त्याने माझे तोंड गच्च झाकले. इंजिन आपले सुरूच राहिले. यसलमच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. “बघ, किती छान चाललंय,” तो वरून ओरडला.

“अरे गाढवा,” मबखूत तडक त्याच्याकडे पाहून म्हणाला, “गाडी बंद पडायला पाहिजे. तू नाक दाबलंस आणि तरी ती श्वास घेतेय, म्हणजे कुठून तरी चोरून हवा जातेय. जिथून हवा जाते तिथून पाणी जाणार नाही का?”

मग त्याच्या लक्षात आले की आपण शेळीला विसरलो. यसलमच्याही लक्षात आले. शेळी पाला खात होती.

यसलम हळूच खाली उतरला. दोघांनी बॉनेटमध्ये डोकी घातली आणि शोधू लागले. फिल्टरच्या डब्याच्या बुडाशी धूळ बाहेर टाकायला एक छोटी रबरी चोच असते. ती फाटली होती. तिथे नवी बसवली. मग डब्याच्या झाकणाखालची रबरी कड सैल निघाली, तीही बदलली. शोधता शोधता मबखूत एकदम म्हणाला, “तुला काय वाटतं, पेट्या गेल्या म्हणून मी बोलत नव्हतो?”

यसलमने मान वर केली नाही.

“पेट्या पाण्यानं नेल्या. पाण्याशी कोण भांडणार? पण तू काठावर आलास, ओलाचिंब, आणि पहिलं वाक्य काय बोललास? माझी गाडी गेली. माझी गाडी. मी तिथंच उभा होतो रे.”

“पेट्यांचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही मला,” यसलम म्हणाला. “गाडीचं बोललो, कारण ते सोपं होतं. तुझ्याकडे बघवत नव्हतं.”

मबखूतने पट्टीचा स्क्रू आणखी एक वेढा आवळला. “मग हे तेव्हाच सांगायचं ना,” तो म्हणाला. “सबंध वर्ष शेळी पाळायला लावलीस मला.”

यसलम पुन्हा टपावर चढला. त्याने माझ्या तोंडावर तळहात दाबला. त्याच्या हाताची कातडी मी आत ओढून घेतली, इंजिनाने एक घुसमटलेला आवाज काढला आणि गाडी बंद पडली. ती शांतता दोघांनाही फार आवडली. मबखूतने चहा टाकला.

पण काम अजून पुरे झाले नव्हते. पहिल्याच मोठ्या चढावर इंजिनाने जोरात हवा ओढली आणि ट्यूबचे मऊ रबर आत खेचले जाऊन चपटे झाले. मागून काळा धूर निघाला. यसलम गाडी ढकलत परत आला. मबखूतने कपाळावर हात मारला, मोडक्या ट्रकमधली जाड रेडिएटरची नळी शोधून आणली आणि तिचा तुकडा बसवला. तेव्हा कुठे मी खरी सोंड झाले.

गावात माझी भरपूर चेष्टा झाली. “यसलम, हत्तीला चारा कुठून आणतोस?” कुणी विचारी. कुणी म्हणे, “मबखूतच्या दाराचा एक खांब कमी झालेला दिसतोय.” तुफाहाही कमी नव्हती. लग्नाला निघाली की म्हणायची, “मी मागून चालत येते. या सोंडेबरोबर मला कुणी बघायला नको.”

मी मनावर घेतले नाही. पाणी वर्षातून एखाददुसऱ्यांदाच येते, पण धूळ रोजची असते. पुढे ट्रक चालला की रस्त्यावर पिठासारखी धूळ उठते आणि चाकांच्या उंचीवर ती सर्वांत दाट असते. मी टपावरून हवा घेत असल्याने फिल्टर पूर्वीसारखा चार दिवसांत भरेनासा झाला. इंजिनाचा खोकला गेला. हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण जे बिघडत नाही त्याकडे कोण पाहतो? फक्त मबखूत कधीतरी फिल्टर काढून झटकी आणि आपल्याशीच मान हलवी.

मग तो दिवस आला.

उन्हाळा संपत आला होता. सकाळ स्वच्छ होती, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पात्राच्या मधोमध मातीचा एक उंचवटा आहे, त्यावर लसूणघासाची शेते आहेत. उंच गवती टोप्या घालून चार बायका तिथे घास कापत होत्या. त्यांत तुफाहा होती आणि तिच्या सासूच्या वयाची एक शेजारीण होती. तिला सगळे बरका आजी म्हणत. दुपारी मशिदीच्या भोंग्यावरून आवाज आला, की वरच्या गावातून फोन आला आहे, लोंढा निघाला आहे, पात्रातल्यांनी बाहेर यावे. पण बायकांनी विळे खाली ठेवेपर्यंत उंचवट्याला दोन्हीकडून पाण्याने वेढले होते.

पलीकडच्या बाजूने मुख्य प्रवाह होता. तिथे खडक गडगडल्याचा आवाज येत होता. अलीकडच्या बाजूला पाणी पसरले होते, संथ होते, पण चढत होते. काठावर माणसे जमली. कुणी दोर आणला, पण तो पोचणार कसा? उंचवट्याच्या कडेची माती ढेकळाढेकळाने पाण्यात पडत होती.

यसलमने गाडी आणली आणि तो सरळ पाण्यात घालायला निघाला. मबखूत आडवा उभा राहिला.

“थांब.”

“बाजूला हो. तुफाहा आहे तिकडे.”

“मला दिसतेय. रिकामी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे. तरंगेल आणि जाईल वाहून. आधी दगड भर.”

यसलमने ऐकले. काठावरच्या सगळ्यांनी मिळून गाडीच्या मागच्या हौद्यात दगड टाकले. स्प्रिंगा खाली बसल्या. मबखूतने गाडीच्या तोंडावर ताडपत्री ताणून बांधली, म्हणजे पाण्याचा मारा थेट पंख्यावर येणार नाही. दोराचे एक टोक मागच्या हुकात अडकवले आणि दुसरे काठावरच्या माणसांच्या हातात दिले. खिडक्या उघड्या ठेवल्या. मग तो दुसऱ्या बाजूचे दार उघडून यसलमशेजारी बसला.

“तू कशाला येतोस?” यसलमने विचारले.

“सांधा मी जोडलाय. फुटला तर मीच बघायला नको?” मबखूत म्हणाला. “बिस्मिल्लाह म्हण आणि चल. आणि ऐक, पाण्यात पेडलवरून पाय उचलायचा नाही. हळू चल, पण एका दमात चल.”

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटले ते सांगते. मला भीती वाटली. आधी पाणी चाकांना लागले, मग दिव्यांना. जिथे एकदा सगळे संपले होते ती उंची हीच. इंजिन चालू राहिले. मग पाणी बॉनेटवर चढले. माझा खालचा सांधा, जाड रबर, आवळलेल्या पट्ट्या, सगळे गढूळ पाण्याखाली गेले. पाणी चहूकडून दाबून आत शिरायची जागा शोधत होते. मी वर उन्हात तोंड उघडून उभी होते आणि खालच्या त्या अंधारात हवा पोचवत होते. दम लागला तरी थांबता येत नव्हते. मी थांबले असते तर सगळेच थांबले असते.

मध्यावर मागचे चाक खड्ड्यात गेले. गाडी कलली. यसलमचा पाय सैल होतो आहे हे मला लगेच कळले, कारण हवेची ओढ कमी झाली.

“उचलू नकोस,” मबखूत शांतपणे म्हणाला. “दाबून धर. तसाच. तसाच धर.”

ओढ पुन्हा वाढली. मी जमेल तेवढी हवा आत लोटली. चाक दगडाला लागले, गाडी सरळ झाली आणि चिखल तुडवत उंचवट्यावर चढली.

बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. तुफाहाच्या ओठांना रंग नव्हता, तरी ती म्हणाली, “शेवटी हत्तीलाच घेऊन आलात.”

“बस आत,” यसलम म्हणाला.

बरका आजी मात्र घासाचा भारा सोडेना. “सकाळपासून कापलाय मी. बकऱ्यांना काय घालू, तुझी दाढी?”

“आजी, भाऱ्यासकट बस, पण बस,” मबखूत म्हणाला आणि भारा उचलून दगडांवर टाकला. आजी त्या भाऱ्यावर अशी बसली, जणू लग्नाच्या वरातीत निघाली आहे. बाकीच्या दगडांना धरून बसल्या.

परतताना पाणी अधिक होते. एका क्षणी माझ्या निम्म्या उंचीपर्यंत लाट आली आणि थेंब टोपीवर उडाले. मी ते आत जाऊ दिले नाहीत. काठावरच्या माणसांनी दोर ओढला, चाकांनी वाळू धरली आणि आम्ही बाहेर आलो. बायका खाली उतरल्या आणि सगळे मागे वळून पाहू लागले. थोड्या वेळाने उंचवट्याचे एक टोक तुटले आणि घासाचे हिरवे शेत पाण्यात उतरून दिसेनासे झाले. यसलमने दोन्ही हातांनी मबखूतचे डोके धरले आणि कपाळाचे चुंबन घेतले.

घरी गेल्यावर तुफाहाने आपल्या पाण्याच्या घागरीतले पाणी घेतले आणि माझ्या अंगावरचा चिखल धुऊन काढला. वेल्डिंगच्या गाठींमधलासुद्धा. त्यानंतर लग्नाला जाताना ती माझ्याच शेजारच्या खिडकीत बसू लागली.

माझे दिवस पालटले. दरीतल्या कितीतरी गाड्यांना सोंडा आल्या. सगळ्या मबखूतच्या हातच्या. एकजण म्हणाला, “आत जोडू नका, नुसती बाहेर लावा. रुबाब दिसतो.” मबखूतने त्याला परत पाठवले. “शोभेचं नाक हवं असेल तर लाकडाचं कर,” तो म्हणाला. “एखादा खुळा त्याच्या भरवशावर पाण्यात जाईल आणि माझं नाव घेत बुडेल.”

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. पुढे गावाजवळ पूल झाला. चांगली गोष्ट झाली. कुणालाच आता पात्रात उतरावे लागत नव्हते. यसलमची कंबर धरली, लांबच्या फेऱ्या त्याने बंद केल्या आणि गाडी घरामागे बोरीखाली उभी राहिली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. वाऱ्याने टोपी उडाली ती कुणी आणली नाही. खाली बॉनेटमध्ये, जिथे कुणाची नजर जात नव्हती, तिथे रबर उन्हाने वाळत होते. त्याला आधी सुरकुत्या पडल्या, मग भेगा. पट्ट्या गंजल्या. बाहेरून मी तशीच ताठ दिसत होते. येणारी जाणारी माणसे म्हणत, “यसलमची सोंड बघा, अजून कशी खणखणीत आहे.” मला ओरडून सांगावेसे वाटे की वर बघू नका, खाली बघा. पण मला आवाज कुठला?

त्या रिकाम्या दिवसांत एक नवल घडले. एका सकाळी बोरीवरून माश्यांचा एक थवा उतरला आणि माझ्या उघड्या तोंडात शिरला. माझ्या पोटात गुणगुण सुरू झाली. यसलमने मबखूतला बोलावले. मबखूत कितीतरी वेळ नुसता खाली उभा राहून ऐकत होता. मग त्याने बाह्या वर केल्या, टपावर चढला आणि उघड्या हातांनी तो घोस हळूहळू बाहेर घेतला. एकही माशी त्याला चावली नाही. “पेटी आहे का एखादी?” त्याने विचारले. त्या संध्याकाळी पेटी घेऊन तो आपल्या घरी गेला.

आणि मग नजला आली. नजला ही मबखूतची धाकटी मुलगी. ती शहरात नर्सचे शिक्षण घेऊन परतली होती. लहान बाळांना लस टोचायला तिला वरच्या आडबाजूच्या दऱ्यांमध्ये जावे लागणार होते. तिथे पूल नव्हते, रस्ते ओढ्यांमधूनच जात. तिचा नवरा गाडी चालवणार होता, पण गाडीच नव्हती. यसलमने किल्ली तिच्या हातात ठेवली.

“काका, ही चालेल?” तिने विचारले.

“चालेल. सोंड आहे तिला,” यसलम म्हणाला.

“बाजारात प्लॅस्टिकची तयार मिळते,” तिचा नवरा म्हणाला. “ती लावू या. हिला किती वर्षं झाली.”

“ती लाव, नाहीतर ही ठेव,” मबखूत म्हणाला. “दोन्हींचा जीव सांध्यात असतो.”

नजला म्हणाली, “मग मला सांधा दाखवा. बिघडतं कुठं ते मला बघायचं आहे.”

मबखूतने बॉनेट उघडले. तिने रबर दोन बोटांत धरून जरासे वाकवले आणि ते भाकरीसारखे तुटले. त्या रबरावर विसंबून तिचा नवरा दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरणार होता. यसलम खाली बसला. “मी रोज हिच्याकडे बघत होतो गं,” तो म्हणाला. “रोज.”

“वरून बघत होतात, काका,” नजला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

नवे रबर, नव्या पट्ट्या, फिल्टरच्या डब्याला नवी कड, सगळे तिने स्वतःच्या हाताने बसवले. मबखूत फक्त बाजूला उभा राहून सांगत होता. तुफाहाने नव्या डब्याचा पत्रा आणून दिला, त्याची टोपी झाली. माझ्या गंजावर काळा रंग चढला. गाडी सुरू झाली आणि कितीतरी काळानंतर माझ्यातून वारा वाहिला.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. लसींची थंड पेटी सीटवर पट्ट्याने बांधून आम्ही एका वरच्या दरीत निघालो होतो. ओढ्याला पाणी आले होते. पलीकडे बायका बाळांना कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि हाताने बोलावत होत्या. नजला खाली उतरली. तिने आधी बॉनेट उघडून माझे रबर चाचपले, पट्ट्या हलवून पाहिल्या. सगळे ठीक होते. मग तिने पाण्यात एक काटकी टाकली. काटकी बघता बघता दिसेनाशी झाली.

“सोंड आहे की आपल्याला,” नवरा म्हणाला.

“सोंड श्वास घेईल,” ती म्हणाली, “पण तुला धरून ठेवायला तिला हात नाहीत. थांबू या.”

मला तिचा अभिमान वाटला. माझ्या ताकदीबरोबर माझी मर्यादाही ओळखणारे माणूस मला भेटले होते. आम्ही सावलीत थांबलो. तिने पलीकडच्या बायकांना खुणेने बसायला सांगितले, त्याही बसल्या. बर्फ टिकेल का, हे ती अधूनमधून पेटी उघडून पाहत होती. तो टिकला. उन्हे कलू लागली तसा प्रवाह मंदावला, पाण्याखालचे दगड दिसू लागले. मग आम्ही हळूच उतरलो आणि एका दमात पार झालो. पलीकडे गेल्यावर पहिल्या बाळाने सुई टोचताच जे भोकाड पसरले, त्याने सगळी दरी भरून गेली आणि त्याची आई हसू लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, रस्त्यावर अशी पुष्कळ माणसे आणि वस्तू असतील, ज्यांच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त असता. ती ताठ उभी दिसतात म्हणून त्यांना काही होत नाही असे समजू नका. अधूनमधून त्यांचे झाकण उघडा, हात घालून चाचपा, कुठे भेग आहे का विचारा. आणि हे पाण्यापाशी पोचण्याआधी करा, घरी, उजेडात, हाताशी वेळ असताना. उद्या सकाळी आम्हाला आणखी वरच्या दरीत जायचे आहे. नजलाने आत्ताच बॉनेट उघडले आहे.